पोवाड्यास काय पुसावे?

वीररसाची कविता शाळेत शिकविण्याची आपली एक ठरीव रीत आहे. गुरुजींनी चढ्या आवाजात कविता म्हणावयाची, मुलांनी ती मागोमाग म्हणावयाची, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून द्यावयाचे आणि शेवटी ‘या कवितेपासून कोणता बोध मिळतो?’ असा प्रश्न टाकून तास पुरा करावयाचा. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांस आधीच ठाऊक असते व ते त्यांस ठाऊक आहे हे आम्हांसही ठाऊक असते. ‘शौर्य, स्वामिनिष्ठा व त्याग’ ही तीन नावे वहीत उतरली, की कविता समजली असे दोन्ही पक्ष मानतात. तीस वर्षांच्या अध्यापनात ही रीत आम्ही पुष्कळ पाळली आहे. तिच्यातील उणीव आम्हांस एका विद्यार्थिनीने दाखविली आणि तीही आम्ही तिला गप्प बसविल्यानंतर. तो प्रसंग व त्यापुढे झालेला विचार अध्यापकबंधूंपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरच्या ज्या मराठी शाळेत आम्ही काम करतो, तेथे भाषेचे शिक्षक रजेवर असल्यामुळे आठवीच्या वर्गावर आम्ही स्वतः गेलो होतो. पाठ तानाजी मालुसऱ्याच्या पोवाड्याचा होता. मुलांपुढे असलेला उतारा घोरपड कड्यावर चढते तेथे सुरू होत होता आणि तानाजी पडतो तेथे संपत होता. प्रास्ताविक म्हणून आम्ही एवढेच सांगितले, की घरी मुलाचे, रायबाचे, लग्न निघाले असता ते टाकून तानाजी कोंढाण्यावर गेला. मग म्हणणे झाले, अर्थ झाले. बोधाचा प्रश्न विचारण्याच्या बेतात आम्ही असता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली व म्हणाली, “सर, मग रायबाच्या लग्नाचं काय झालं?”

वर्ग हसला. आम्हांसही तो प्रश्न पोरकट वाटला. “ते धड्यात नाही. खाली बस,” असे आम्ही म्हटले व ती बसली. दोन दिवसांनी शिक्षकांच्या खोलीत सहज बोलताना कळले, की तिचे वडील सैन्यात असून कुटुंब महूच्या छावणीत राहते. वडिलांची सीमेवर बदली झालेली. थोरल्या बहिणीचे लग्न रजा न मिळाल्यामुळे एकदा पुढे ढकलले गेले होते. वर्गातील चाळीस मुलांत हा पोवाडा ज्याला खरोखर कळला असे बहुधा एकच मूल होते आणि त्याला आम्ही बसविले होते.

त्या सायंकाळी शाळेच्या ग्रंथालयातून आम्ही जुना पोवाडासंग्रह काढला आणि महाविद्यालय सोडल्यानंतर प्रथमच तानाजीचा पोवाडा आरंभापासून शेवटपर्यंत वाचला.

हा पोवाडा आपल्यापर्यंत कसा पोहोचला, हे आधी पाहणे इष्ट होईल. कवी आपले नाव तुळशीदास असे सांगतो. पोवाडा हा वाचण्याचा प्रकार नव्हे. तो डफ-तुणतुण्यावर, झीलकऱ्यांच्या साथीने, उभ्याने गावयाचा असतो आणि गाणाऱ्यागणिक व गावागणिक तो थोडथोडा बदलत जातो. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांस या गीतांचा छंद लागला. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्याने गोंधळ्यांच्या तोंडून ती उतरून घेतली आणि १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह निघाला. १८९४ मध्ये ॲकवर्थ यांनी त्यांपैकी काहींचे इंग्रजी पद्यात रूपांतर प्रसिद्ध केले. पुढे यशवंत नरसिंह केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ संपादून या क्षेत्राची शास्त्रशुद्ध मशागत केली. म्हणजे शके १५९१ च्या माघ वद्य नवमीस, ४ फेब्रुवारी १६७० रोजी, घडलेल्या घटनेचे हे गीत सुमारे सव्वादोनशे वर्षे लोकांच्या तोंडी राहून मग कागदावर आले. मुलांच्या हाती जो उतारा पडतो, त्याच्या मागे कितीतरी गळे आहेत. कोणता भाग ऐकताना श्रोते डोळे पुशीत आणि कोणत्या भागास ‘पुन्हा म्हणा’ म्हणत, याच्या खुणा त्या पाठात राहिल्या आहेत. हे ध्यानी घेतले, म्हणजे असल्या रचनेस प्रश्न विचारणे हा तिचा अनादर ठरत नाही. श्रोत्यांच्या मागण्यांतूनच ती वाढलेली आहे.

मग प्रश्न विचारावे तरी कोणते? याचे उत्तर शोधण्यास परदेशी अध्यापनशास्त्राकडे धाव घेण्याचे कारण आम्हांस दिसले नाही. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे यासाठी आपल्या मीमांसकांनी सहा कसोट्या घालून दिल्या आहेत. ग्रंथाचा आरंभ व शेवट काय सांगतो, हा उपक्रमोपसंहार. त्यात पुन्हा पुन्हा काय येते, हा अभ्यास. इतरत्र न मिळणारे असे नवे काय, ही अपूर्वता. शेवटी काय साधले, हे फल. स्तुतीसाठी काय वाढवून सांगितले आहे, तो अर्थवाद. आणि सांगितलेल्या गोष्टीची युक्तीने जुळणी कशी लागते, ती उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) गीतेचे तात्पर्य ठरविताना याच कसोट्यांचा आधार घेतला, हे वाचकांस विदित आहेच. त्याच लोकमान्यांचा बंगला सिंहगडावर आहे. गीतेस लावलेली कसोटी सिंहगडाच्या पोवाड्यास लावून पाहण्यात आम्हांस काही गैर दिसेना. किंबहुना ती फारच सोपी वाटली. कारण मराठीत उतरविल्यावर ते सहा प्रश्न आठवीच्या मुलासही विचारता येण्याजोगे आहेत.

पहिला प्रश्न आरंभ व शेवट यांचा. पोवाड्याचा नायक आपल्यास प्रथम भेटतो तो कड्याखाली नव्हे. उमरठ्यास घरी रायबाच्या लग्नाची तयारी चालू आहे. इकडे प्रतापगडावर जिजाबाई सकाळी केस विंचरीत असता त्यांची दृष्टी कोंढाण्याकडे जाते. त्या राजगडाहून शिवाजीराजांस बोलावून घेतात, मायलेकांचा सारीपाट रंगतो, डाव आईकडे लागतो आणि ती जिंकल्याबद्दल कोंढाणा मागते. लग्नघर आणि आईची मागणी, या दोन ओढींत तानाजी सापडतो, येथे कथा सुरू होते. आणि ती संपते कोठे? गड हाती आल्यावर नव्हे, उदेभान पडल्यावरही नव्हे. राजे गडावर येतात, शोक करतात आणि पुढे रायबाचे लग्न राजांच्या हातून लागते. लग्नापासून निघालेली कथा लग्नापाशी येऊन थांबते. मधली चढाई व झुंज या दोन टोकांमध्ये बसविलेली आहे. आमच्या उताऱ्याने दोन्ही टोके छाटून मधला तुकडा तेवढा मुलांपुढे ठेवला होता. ‘रायबाच्या लग्नाचं काय झालं?’ हा प्रश्न ‘धड्यात नाही’ हे आमचे उत्तर त्या अर्थी खरे होते. तथापि पोवाड्यात तो होता, आणि अगदी शेवटच्या मानाच्या जागी होता.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा, म्हणजे पुनरुक्तीचा. पोवाड्यात काय पुन्हा पुन्हा येते, हे मुलांनी मोजून सांगावे असे आम्ही सुचविले. प्रथम त्यांस ‘तलवार’, ‘गड’ असे शब्द सुचले. पुढे एकाच्या ध्यानात आले, की तानाजीस कोणी ना कोणी सारखे अडवीत आहे. घरचे लग्न अडविते. ऐंशी वर्षांचा शेलारमामा त्या गडाचे नाव काढू नये असे बजावितो. घोरपड एकदा कड्यावरून मागे फिरते. स्वतः तानाजीचे मनही प्रथम अडविते. ऐन लग्नघाईत बोलावणे आले म्हणून तो रागावलेला असतो. जिजाबाई त्याला ओवाळतात, तेव्हा तो राग ओसरतो. ‘जाऊ नको’ हेच या पोवाड्याचे पालुपद आहे म्हणाना! शब्दांनी ते कोठे आलेले नाही, प्रसंगांनी ते पुन्हा पुन्हा आले आहे. ज्याला घर नाही, राग नाही, शकुनाचे भय नाही, अशा माणसाचे शौर्य गाण्यात शाहिरास गोडी वाटत नाही. अडविणारे जितके अधिक, तितका निघणाऱ्याचा निर्धार मोठा, हे त्याचे माप आहे.

तिसरा प्रश्न अपूर्वतेचा. याचे उत्तर देण्यास पोवाड्याशेजारी दुसरे काही ठेवावे लागते, आणि येथे इतिहासाचा प्रवेश होतो. आम्ही सभासदाची बखर ठेविली. कृष्णाजी अनंत सभासद याने ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस १६९७ मध्ये लिहिली. म्हणजे सिंहगडच्या प्रसंगास तेव्हा तीसही वर्षे झाली नव्हती. सभासदाचा तानाजी स्वतः होऊन पुढे येतो, विडा उचलतो आणि पाचशे निवडक मावळे घेऊन जातो. कड्यावर प्रथम दोन मावळे वानरासारखे चढतात; घोरपडीचा तेथे मागमूस नाही. झुंजीत तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा डाव्या हाताची ढाल करून तो वार घेतो. तो व उदेभान एकमेकांच्या वारांनी पडतात. मग भाऊ सूर्याजी लोकांस धीर देऊन गड घेतो आणि गडावर आग लावून राजगडास खूण करितो. पोवाड्यात मात्र फौज बारा हजार आहे, घोरपडीचे नाव यशवंती आहे, उदेभानापाशी चंद्रावळी हत्ती, सिद्दी हिलाल व बारा मुलगे आहेत आणि तानाजीच्या मृत्यूचा सूड शेलारमामा घेतो.

दोन्ही कथा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून घेतल्या, की मुले तत्काळ विचारतात, “मग खरं काय?” शिक्षकाने येथे घाई करू नये, असा आमचा अनुभव आहे. ‘बखर खरी, पोवाडा खोटा’ असे सांगून टाकिले, तर मुलाच्या हातून पोवाडा जातो. ‘आपल्या पूर्वजांनी सांगितले ते सारे खरेच’ असे म्हटले, तर त्याच्या हातून इतिहास जातो. त्यापेक्षा दोहोंत समान काय ते आधी वेचून घ्यावे: रात्रीची चढाई, अवघड कडा, थोडे लोक आधी वर जाणे, तानाजी व उदेभान दोघांचाही अंत, गड हाती येणे. हा सांगाडा पक्का. उरले ते कोणी व का घातले, हा पुढचा विचार.

तोच अर्थवादाचा प्रश्न. अर्थवाद म्हणजे असत्य नव्हे. ऐकणाऱ्याचे मन कर्तव्याकडे वळावे म्हणून केलेली ती स्तुती किंवा निंदा असते. पाचशेचे बारा हजार झाले ते श्रोत्यास सैन्याचा भार जाणवावा म्हणून. शत्रूचे बळ, त्याचा जनाना, त्याचा हत्ती ही सारी राक्षसी थाटाने रंगविली ती नायकाची उंची वाढावी म्हणून. घोरपडीचे मागे फिरणे हे येऊ घातलेल्या मरणाची चाहूल देणारे आहे. ‘घोरपड खरेच कडा चढली काय?’ या प्रश्नापाशी वर्ग अडकून पडतो. त्याऐवजी ‘घोरपड मागे फिरली नसती, तर कथेचे काय गेले असते?’ असे विचारावे. मुले फार मार्मिक उत्तरे देतात. एक म्हणाला, “मग तानाजीला आधी कळलंच नसतं की आपण मरणार आहोत.” म्हणजे मरण समोर दिसत असता जाणे आणि नकळत मरणाच्या तोंडी पडणे यांतील फरक त्याने ओळखला होता. आमच्या बोधाच्या प्रश्नास असे उत्तर तीस वर्षांत आले नव्हते.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न निघाला तो आमच्या माळव्यातील वर्गातच निघण्यासारखा. आमच्या मराठी शाळेत राजपूत घरांतील मुलेही असतात. त्यांपैकी एकाने विचारले, “सर, उदेभान राजपूत होता ना? तो भित्रा होता का?” पुण्याच्या वर्गात हा प्रश्न कदाचित कोणास सुचला नसता. आम्ही मुलांसच उत्तर शोधावयास सांगितले. पोवाड्यात तानाजी पडतो तो उदेभानाच्याच हातून, आणि सभासद तर दोघांसही थोर योद्धे मानतो, हे त्यांनी काढून दाखविले. शत्रूस भित्रा ठरविल्यास आपल्या वीरास मोठेपणा उरत नाही, हे जुन्या रचनाकारांस पक्के ठाऊक होते. तो मुलगा समाधानाने खाली बसला. मराठी कवितेच्या तासास त्या दिवशी तो प्रथमच आपल्या घरात बसल्यासारखा बसला असेल, असे आम्हांस वाटते.

उपपत्तीचा प्रश्न जुळणीचा आहे. कोंढाणा शत्रूकडे गेला कसा, हे पोवाडा सांगत नाही. त्याला आईची इच्छा हे कारण पुरते. इतिहास सांगतो, की १६६५ च्या जून महिन्यात पुरंदरच्या तहाने राजांस तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले व त्यांत कोंढाणा होता. चार वर्षांहून अधिक काळ ते शल्य राहिले आणि १६७० मध्ये गेलेले किल्ले परत घेण्याचा जो उद्योग सुरू झाला, त्यात हा प्रसंग घडला. पोवाड्यातील आईची मागणी व सारीपाट यांत हेच शल्य घरगुती रूपाने आले आहे. एका राज्याची गेलेली पत ही गावच्या श्रोत्यास दूरची गोष्ट. पण आईचे मागणे मुलाने पुरे करावयाचे, हे त्यास सांगावे लागत नाही. असेच रात्रीचे. माघ वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तेव्हा पूर्वरात्र अंधारी असावयाची. पंचांग हाती देऊन ‘तुम्ही असता, तर कोणत्या प्रहरी चढला असता?’ असे विचारिले, तर भूगोलाचा कंटाळा असलेली मुलेही वाद घालू लागतात. आमच्या मुलांनी सह्याद्रीचा कडा पाहिलेला नसतो. माळव्याच्या पठारावर ती वाढलेली. तथापि सहलीस मांडू बहुतेकांनी पाहिलेले असते. तेथील तटाखाली उभे राहून वर पाहिल्याची आठवण दिली, म्हणजे ‘कडा’ या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहावा लागत नाही.

नावाविषयीही असाच एक प्रश्न निघतो. तानाजी सिंहासारखा पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही समजूत आपण सर्वांनी लहानपणी ऐकिली आहे. परंतु शिवाजीराजांच्या १६६३ मधील एका पत्रात सिंहगड हे नाव आलेले आहे. तेव्हा तानाजी हयात होता. राजांच्या तोंडचा म्हणून जो शोकोद्गार आपण सांगतो, तोही पाहण्यासारखा आहे. सभासदाच्या राजांच्या बोलण्यात सिंह नाही. त्यात एक गड आला तो दुसरा गड गमावून, असा भाव आहे. तानाजी हाच त्यांचा दुसरा गड होता. सिंहाचा उद्गार घरोघर रूढ झाला तो हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावाने. हे सांगितले तेव्हा वर्गातील काही मुले खट्टू झाली. एक तर म्हणाला, “मग आमचं काय राहिलं?” आम्ही त्याला दोन्ही उद्गार शेजारी ठेवून विचार करावयास सांगितले. माणसास सिंह म्हणणे ही स्तुती; माणसास गड म्हणणे म्हणजे त्याच्या आश्रयाने आपण राहत होतो अशी कबुली. काय गेले व काय मिळाले, याचा हिशेब त्याने घरी जाऊन करावा.

एकच कथा निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हेतूंनी गाइली गेली, हेही मोठ्या वर्गांत सांगण्यासारखे आहे. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा रचिला तो राजांस कुळवाड्यांचा राजा म्हणून पाहण्यासाठी. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तरुणपणी सिंहगडाचा पोवाडा रचिला तो परसत्तेविरुद्ध मने पेटविण्यासाठी, आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासास घोडा व शेरभर सोने मिळाल्याचे सांगतात. ‘कोण गातो, कोणासाठी गातो आणि त्याला त्याबद्दल काय मिळते, बक्षीस की बंदी?’ हा प्रश्न वीरकाव्यास नेहमी विचारावा. त्याने काव्याचा काळ उलगडतो.

आता उरला तो फलाचा प्रश्न: शेवटी कोणास काय मिळाले? येथे पोवाड्याचे हृदय आहे असे आमचे मत झाले आहे. गड मिळाला राजांस, डाव साधला जिजाबाईंचा, सूड मिळाला शेलारमामास. तानाजीच्या घरास काय? मी परत आलो, तर रायबाचे लग्न मी करीन, न आलो, तर ते आपण करावे, अशा भावाने तो निघालेला. आणि पोवाडा तेथेच संपतो, जेथे राजे ते लग्न करितात. शाहिराच्या लेखी शौर्य हे वीराने केलेले दान तर आहेच. पण ते राज्याच्या माथ्यावरचे ऋणही आहे. ज्याच्यासाठी एकाने मांडव टाकला, त्याने तो मांडव उभा करून द्यावयाचा. हे देणे फिटल्यावाचून शाहीर डफ खाली ठेवीत नाही. उतारा छाटणाऱ्याने वीराचा त्याग ठेवला आणि राजाचे कर्तव्य गाळले. नुसत्या त्यागाचा पोवाडा मुलांस शिकविणे म्हणजे अर्धा हिशेब शिकविणे होय. हे आम्हांस ज्या मुलीने दाखविले, तिच्या घरी हा हिशेब रोजचा होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या वर्गावर पुन्हा गेलो. “परवा हिने विचारलेला प्रश्न योग्य होता. तिला बसविण्यात आमची चूक झाली,” असे सर्वांसमक्ष सांगितले. तिला तोच प्रश्न पुन्हा विचारावयास सांगितले. प्रथम ती संकोचली, मग हळू आवाजात तिने तो विचारला. या वेळी कोणी हसले नाही. आम्ही पोवाड्याचा शेवट वाचून दाखविला. तिने एवढेच म्हटले, “म्हणजे राजांनी लक्षात ठेवलं.” या उत्तरात आम्हांस भर घालण्यासारखे काही सुचले नाही.

या अनुभवावरून आमच्या शाळेत आम्ही काही साधे नियम पाळू लागलो आहोत. उतारा शिकविण्यापूर्वी मूळ रचनेचा आरंभ व शेवट मुलांस तोंडी तरी सांगावा. प्रश्नांचे तीन वर्ग करावे: ज्यांचे उत्तर कवितेच्या पोटात आहे ते, ज्यांचे उत्तर तिच्या पाठीमागे, म्हणजे इतिहासात, आहे ते आणि ज्यांचे उत्तर ऐकणाऱ्याने आपल्या मनात शोधावयाचे ते. पहिल्यांवाचून दुसरे विचारल्यास वर्ग तारखांत हरवतो आणि पहिल्या दोहोंवाचून तिसरे विचारल्यास नुसती भाषणबाजी होते. आठवड्यातून एक तास असा ठेवावा, की ज्यात प्रश्न फक्त मुलांनी विचारावयाचे. शिक्षकाने ते फळ्यावर लिहावे व कोणताही प्रश्न पुसू नये. पाठांतर मात्र सोडू नये. ज्याला पोवाडा येत नाही, त्याने त्याला प्रश्न विचारणे म्हणजे न भेटलेल्या माणसाची चौकशी करणे होय. आमच्या मुलांना तो डफाच्या ठेक्यावर म्हणता यावा, हा आमचा आग्रह पूर्वीइतकाच आहे.

यावर काही मित्र शंका घेतात, की अशा खोदून विचारण्याने वीरपुरुषांविषयीची श्रद्धा ढळेल. महाराष्ट्रापासून दूर, अन्यभाषकांच्या शेजारी राहून मराठी जतन करणाऱ्या आपल्यासारख्यांस ही भीती विशेष वाटावी हे स्वाभाविक आहे. कारण पोवाडे, ओव्या व अभंग हीच आपली इकडची शिदोरी. परंतु आमचा अनुभव उलट आहे. प्रश्न न विचारता स्वीकारलेला तानाजी मुलांच्या वहीत राहतो व परीक्षेनंतर वहीबरोबर रद्दीत जातो. ज्याचा राग, ज्याचे लग्नघर, ज्याची तुटलेली ढाल मुलांनी स्वतः शोधून काढिली, तो तानाजी त्यांच्याबरोबर शाळेबाहेर पडतो. शिदोरी सोडून खाल्ली तरच अंगी लागते.

असो. पुढल्या वर्षी आपल्या वर्गात हा पोवाडा, किंवा दुसरे कोणतेही वीरकाव्य, लावाल तेव्हा शेवटचा बोधाचा प्रश्न एक दिवस बाजूस ठेवून पाहा आणि मागच्या बाकावरून कोणी उठले, तर त्यास आधी बोलू द्या, एवढीच आमची विनंती आहे.